कोनत्या गावचा?

गोंडपिपरीत कॉम्प्युटर सेंटरवर होते तेव्हा तालुक्यातल्या मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. आमचा बा, म्हणजे माझे वडील, तोही सभासद. उभी हयात तलावात जाळं टाकण्यात गेलेली, प्रौढांच्या वर्गात स्वतःचं नाव तेवढं वाचायला शिकलेला. ते नाव पडद्यावर बघायला तो सकाळच्या एस्टीनं आला, धुतलेला सदरा घालून. चारच्या एस्टीनं परत जायचं होतं.

आणि पडद्यावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

सर्व्हरवर माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेल्या सूचनांची फाईल, वाचून पान तयार करायचा तो पर्ल नावाचा प्रोग्राम. त्यात मराठी अक्षरांचं मॉड्यूल मी आदल्याच दिवशी बसवलं होतं. पुन्हा बसवलं, सर्व्हर बंद करून चालू केला. प्रश्नचिन्हं हलेनात. माझं डोकं तसंही लवकर तापतं, त्यात बा शेजारी बसलेला.

"काय झालं, बाई?"

"एकाच नावाचे दोन प्रोग्राम हायेत वाटते, बा. कोनता काम करून राह्यला, समजून नाई राह्यलं."

"मंग त्यालेच इचार ना, कोनत्या गावचा म्हनून."

मी खेकसणारच होते. पण पर्लला हे खरंच विचारता येतं, एका ओळीत: ही ओळ जो चालवतोय त्यानं आपला पत्ता छापावा. छापला त्यानं. पत्ता भलत्याच फोल्डरचा. आधीच्या ऑपरेटरनं बसवलेला जुना पर्ल राबत होता आणि मी दोन तास, ज्यात मॉड्यूल बसवलं त्या नव्याचे लाड करत बसले होते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नव्याचा पत्ता लिहिला आणि नावं उमटली.

बानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग त्याचं बोट शेजारच्या कोऱ्या जागेवर गेलं.

"गाव कुठी हाये?"

"गावाचा रकाना नाई केला, बा."

"या नावाचे तालुक्यात तिघं हावो आमी. मले कसं वळखाचं?"

दुपारभर एका प्रोग्रामचा पत्ता शोधला, बापाचा लिहायचं सुचलं नाही. मला लाज वाटली. रकाना करायला घेतला. चारची एस्टी बानं जाऊ दिली.

गावाचं नाव उमटलं, पण ते त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"आता हा मीच," बा म्हणाला, आणि पिशवी घेऊन उठला.