सातातली दोन ठिकाणं: केरीत आम्ही दोघं आणि भाड्याची गाडी

आयर्लंडला जायचं हे चटकन ठरलं. पण आयर्लंडमध्ये जायचं कुठे, यावर आमच्या नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या घरात तीन आठवडे धुसफूस चालली होती. माझा नवरा मंदार पक्का पुणेकर. पाच दिवसांत सात ठिकाणं 'कव्हर' करणारी एक्सेल शीट त्यानं तयार ठेवली होती. "अरे, ही सुट्टी आहे का ऑडिट?" मी म्हटलं. मला फक्त डिंगलचा समुद्रकाठचा रस्ता बघायचा होता. शेवटी तह झाला: नैऋत्येला केरी परगण्यात जायचं, किलार्नीत मुक्काम करायचा, तिथून डिंगल गाठायचं आणि जमलं तर बाकीचं. (भारतीय पासपोर्टवाल्यांनो, आपलं इथलं निवासकार्ड तिथे चालत नाही. व्हिसा वेगळा काढावा लागतो, वेळ हाताशी ठेवा.)

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून आयर्लंडमधलं कॉर्क विमानानं जेमतेम पावणेदोन तास. गाडी घेताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालायचं?"

"नको," मंदार म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "अगं, इथे डावीकडून चालवतात. मी पुण्यात बारा वर्षं तेच केलंय. तू कधी चालवलीयस?"

खरंच होतं. मी गाडी शिकले ती नेदरलँड्समध्येच, दोनदा नापास होऊन. पास झाल्याला सहा वर्षं झाली, तरी मंदारच्या मागे लागल्याशिवाय स्टिअरिंग माझ्या हाती येत नाही. मला भयंकर राग आला होता, पण मी माझं लायसन्स पर्समध्येच ठेवलं. चूक माझीही.

किलार्नीच्या अलीकडे एक गोल चौक लागला. तिथे मंदारनं अकरा वर्षांच्या डच सवयीनं गाडी सरळ उजवीकडून घातली. समोर दुधाचा टँकर! दोन्ही गाड्यांचे ब्रेक करकचून लागले. टँकरवाला खाली उतरला. आता हा शिव्या घालणार, असं वाटलं.

"कुठून आलात?"

"हॉलंडहून," मी म्हटलं.

"तरीच!" म्हणाला आणि मागची वाहनं थांबवून त्यानं आम्हाला बाजूला घेतलं. किलार्नीपर्यंत मंदारनं गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली.

दुसरा दिवस आम्ही भाड्याच्या सायकलींवर तळ्याकाठी घालवला. गरम सूप, सोडा ब्रेड, वर भरपूर लोणी. झकास! संध्याकाळी मंदार हळूच म्हणाला, "डिंगल राहू दे."

"मी चालवते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! तरी चालवते."

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी सांगितलं, माझं नाव घालायचं तर भाड्याच्या गाडीवाल्यांचं ऑफिस केरी विमानतळावर आहे, अर्ध्या तासावर. सकाळी मंदारनं गाडी तिथवर रांगत नेली. मी शेजारी "डावी, डावी" असा जप करत होते. माझं नाव कागदावर चढलं आणि चावी माझ्या हातात आली.

डिंगलच्या पुढे रस्ता एका गाडीपुरताच, एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाली समुद्र. (घड्याळाच्या दिशेनं फिरा, मोठ्या बसही तशाच जातात.) वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. मागे घ्यावी लागणार होती मलाच. आरसा, मान, पुन्हा आरसा, असं करत मी गाडी रुंद जागेपर्यंत मागे नेली. ट्रॅक्टरवाल्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. तिथला हा रामराम. मला इतका आनंद झाला की समुद्र बघायचा राहिलाच. मग थांबून बघितला, पोटभर.

मैत्रिणी विचारतात, सातातली दोनच ठिकाणं झाली, वाईट नाही वाटलं? मंदारच्या यादीतल्या मोहेरच्या समुद्रकड्यांचं वाटतं थोडं. पण स्किपोलच्या पार्किंगमध्ये सामान ठेवून मंदार आमच्या गाडीच्या उजव्या दाराशी गेला.

"अरे, इथे स्टिअरिंग डावीकडे असतं!" मी हसले.

"माहितीये," म्हणत त्यानं आत बसून पट्टा लावला. "चल, घरी ने."