ठराव पडला त्या दिवशी
वळसंगच्या पुढं आमचं गाव. माझे वडील तिथं सरपंच होते, पण कुणाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. मला त्याचा भयंकर संताप यायचा.

त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. सदस्य फुटू नयेत म्हणून विरोधी गटानं नेहमीसारखं त्यांना सहलीला नेलं, मोबाइलही काढून घेतले. सभेच्या सकाळी त्यांची गाडी थेट पंचायतीच्या दारात उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. वडील घामानं डबडबले होते.

तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. विरोधी पुढाऱ्याचा हात तेवढा वर गेला. बाकीचे खाली माना घालून बसले.

बाहेर गुलाल उडाला. सहलीला गेलेले भावकीतले एक काका पायरीवर भेटले. मी त्यांना अडवलं, “काका, सहल त्यांची केलीत आणि वाचवलंत आमाला?”

“दुसरा आला तर गायरानातली आमची शेडं पाडंल की,” ते हसले. “तुझ्या बापाची कसली भीती?”

वडील मागंच उभे होते, गळ्यात हार. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता तरी चिडतील, असं मला वाटलं.

त्यांनी हातातला पेढा काकांच्या तोंडात घातला.