पाटाच्या बांधावरची गाडी

आमच्या परसातला पाट चाळीस फूट लांब आहे. विहिरीजवळच्या टाकीतलं पाणी त्यातून पोफळींना जातं. एकदा पारदर्शक नळीत पाणी भरून मी त्याचा उतार मोजला: चाळीस फुटांत चार इंच, म्हणजे एकशेवीसला एक. आजोबांनी तो नुसत्या नजरेने काढला होता. बागेत लहानशी रेल्वे करायचं बरेच दिवस मनात होतं, आणि इतका सरळ मार्ग पाटाच्या बांधावर तयारच होता.

विकतचे रूळ परवडणारे नव्हते. सरकत्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या पट्टीला दोन उभ्या कडा असतात. रत्नागिरीत खिडक्या बनवणाऱ्याकडून तसल्या जुन्या पट्ट्या भंगाराच्या भावात आणल्या. बॅटरीवरच्या खेळण्यातल्या इंजिनाला त्या मापाची चाकं लेथवर करून घेतली. एकूण खर्च तीन हजार एकशे चाळीस रुपये. बांध चोपून पट्ट्या बसवल्या आणि रविवारी गाडी टोकापर्यंत जाऊन परत आली.

"स्टेशनमास्तर, चहा निवतोय!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. आई चिऱ्याच्या पायरीवर बसून हसत होती.

तीन आठवड्यांनी मधल्या वारी रजा घेऊन घरी होतो. रविवारी उठतो त्यापेक्षा लवकर उठून मागे गेलो, तर आई पाटातून बादली भरत होती. तिचं वय सत्त्याहत्तर, डाव्या गुडघ्याला पट्टा. एका हाताने पोफळ धरून तिने रूळ ओलांडले आणि बादली आळ्यात ओतली.

"आई, हे काय? बांध फोडून पाणी सोडतेस ना तू?"

"तुझे रूळ फोडू होय?"

प्रत्येक पोफळीसमोर खोऱ्याने बांध कापायचा, आळं भरलं की त्याच मातीने बुजवायचा आणि पुढे जायचं. लहानपणापासून मी हेच पाहत आलोय. लांबी, उतार, रुंदी सगळं मोजलं, पण हा बांध कापण्यासाठीच आहे, हे ध्यानातच आलं नाही.

"सांगायचं तरी!"

"इतकी वर्षं बघतोस नि सांगायला हवं होय?"

"किती बादल्या घालतेस?"

"आळ्याला तीन. पुढचं तू मोज, तुला आवडतं."

सहा पोफळी, अठरा बादल्या. दिवसाआड पाणी, म्हणजे आतापर्यंत दहा पाळ्या, एकशे ऐंशी बादल्या.

करवत घेऊन पोफळीच्या बरोब्बर समोर खूण केली.

"तिथे नको. तिथली माती सैल आहे, पाणी धरत नाही. वीतभर वर."

सहाही जागा तिनेच दाखवल्या. तिथले फूटभर रूळ कापून, काढता-घालता येतील असे सुटे केले. बुजवलेली माती ओली असली की इंजिन कलंडतं, म्हणून पाण्याच्या दिवशी गाडी बंद. तेवढं चालेल.

मी पहिला तुकडा काढला. आईने खोऱ्याचे दोन घाव घातले आणि पाणी आळ्यात वळलं. आळं भरेपर्यंत ती दांड्यावर हात टेकून उभी राहिली. इतक्या दिवसांत तिला तेवढं थांबायलाही मिळालं नव्हतं.