मोतीराम तांडेलामागे गेलेल्या बोटी

चिखल्याची हेमाली पुण्यात इंजिनियर होती. तीन वर्षांपूर्वी वादळात गावच्या सहा बोटी रिवाजाप्रमाणे गावचा जाणता नाखवा असलेल्या मोतीराम तांडेलाच्या बोटीमागे किनाऱ्याकडे निघाल्या. त्याचं जीपीएस बिघडलेलं. "दिशा चुकतेय," असं हेमालीचा बाप बोटीतल्या नयनला, तिच्या भावाला, म्हणालाही. पण तांडेलाला टोकणार कोण? बापलेकांची बोट खडकावर फुटली. नयन वाचला, बाप गेला. आग लागो असल्या मानाला.

तिनं नोकरी सोडली. आता ती संशोधन करते: बिनमाणसाच्या बोटींच्या ताफ्यात पुढची चुकली, तर मागच्यांनी ते ओळखून वळायचं. तळ्यात तिच्या छोट्या बोटी वळतातही.

परवा तिनं नयनला ते दाखवलं. "तू तरी वळशील ना रे?"

"ताई, तुझ्या खेळण्यांना गावात राहायचं नसतं."

आज पहाटे तो मोतीरामामागेच गेला. हेमाली किनाऱ्यावर उभी आहे. वारा वाढलाय.