भिंतींचे पैसे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. सांगायला बसलोय तोवर ऐकून घ्या — नाहीतर मी विषय बदलीन. विषय बदलण्यात मी पटाईत आहे. विमा विकतो ना.

येरमाळ्यात हायवेच्या कडेला माझं लहानसं ऑफिस आहे. लोक मला भाऊ म्हणतात, घरातला माणूस समजतात. पोरीची सोयरीक असो, बापाचं ऑपरेशन असो — आधी मला विचारतात. या नावाचा मला लई अभिमान होता. होता कशाला, अजून आहे. तीच तर लाज आहे.

शोभाताई अंगणवाडीत काम करतात. नवरा वारलेला, एकच मुलगी. आमच्या मागच्या गल्लीत घरमालक अण्णांच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायच्या. एक दिवस ऑफिसात आल्या. भाडेकरूच्या सामानाचाही विमा निघतो, असं मोबाईलवर कुणीतरी सांगताना त्यांनी ऐकलं होतं. खरं का, आणि वर्षाला किती पडतात? मुलीच्या लग्नासाठी त्या एकेक वस्तू जमवत होत्या — कपाट, फ्रीज, पितळेची भांडी. म्हणाल्या, "घर अण्णांचं, पण संसार तर माझाच ना, भाऊ?"

किती पडतात? वर्षाला पाच-सहाशे रुपये. तेवढ्यात त्यांचं सगळं सामान बसलं असतं. मला माहीत होतं — चांगलं माहीत होतं. पण एवढ्याशा हप्त्यावर मला काय सुटणार? एका जेवणाचे पैसे. आणि खटपट तेवढीच — फोटो काढा, पावत्या गोळा करा, कळंबला कंपनीच्या ऑफिसात खेपा घाला. मला कंटाळा आला. दुसरं काही नाही, निव्वळ कंटाळा. मी म्हणालो, "ताई, भाड्याच्या घरात सामानाचा विमा होत न्हाय."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्याच घराचा अण्णांच्या नावावरचा विमा मीच उतरवलेला होता, हे त्यांना कुठं ठाऊक?

उन्हाळ्यात फ्रीजच्या मागं शॉर्टसर्किट झालं. शोभाताई अंगणवाडीत, मुलगी कॉलेजात. दोन्ही खोल्या आतून जळाल्या. जिवावरचं सामानावर निभावलं, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो — जरा मोठ्यानंच.

आता पुढचं. हे सांगायलाच तर बसलोय, आणि इथंच जीभ अडते. दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो ते अण्णांच्या क्लेमसाठी. मला भिंतींचे फोटो हवे होते. पण फोटोत सारखं त्यांचं सामान येत होतं — वाकलेलं कपाट, काळी परात, अर्धी जळालेली गादी. मी काय केलं असेल? शोभाताईंनाच म्हणालो, "ताई, हे जरा बाजूला घ्या, भिंत नीट दिसंना." आणि त्यांनी घेतलं. पदर खोचून मायलेकींनी ते कपाट ओढत अंगणात नेलं. मी हातसुद्धा लावला नाही. माझा शर्ट पांढरा होता.

अण्णांना भिंतींचे पैसे मिळाले. त्यांनी गिलावा करून घेतला, रंग दिला. शोभाताईंची मुलगी नेसत्या साडीवर सासरी गेली. तिथं तिला कुणी काय बोलतं का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं होतं. कितीदा तरी ठरवलं. पण सांगितलं तर भाऊ कुठं उरतो? बघा — तेव्हाही मला माझीच पडली होती.

परवा शोभाताई त्यांच्या शेजारी नव्यानं भाड्यानं आलेल्या जोडप्याला माझ्याकडं घेऊन आल्या. मोटरसायकलचा विमा काढायचा होता. त्यातल्या पोरीनं सहज विचारलं, आमच्या घरातल्या सामानाचा पण निघतो का? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी शोभाताईच बोलल्या.

"न्हाय होत ग भाड्याच्या घरात. मी इचारलं होतं की. दुसऱ्या कुणी पैसे घेऊन फसवलं असतं मला. भाऊंनी खरं ते सांगितलं."

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी व्हय म्हणालो.