तळ्याकाठी बसलेली बाई

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, काचेमागे, हजारो वर्षांपूर्वीची एक वस्ती नांदत होती. पुढे मातीच्या झोपड्या, मागे भिंतभर निळेशार तळे. ती भिंत संग्रहालयाचे चित्रकार असलेल्या रंगकाकांनी भर तारुण्यात रंगवली. तळ्याकाठी घडा घेऊन बसलेल्या बाईला त्यांनी आपल्या बायकोचा चेहरा दिला. हे गुपित दोघांचेच.

उद्घाटनाला ती आली, चित्र नीट न्याहाळले आणि हळूच चिमटा काढला, "तळं काठोकाठ भरलंय, आणि मी नुसती बसलेय! आळशी ठरवलंत की हो मला."

पुढे ती देवाघरी गेली, उत्तर द्यायचे राहून गेले. मात्र कामाला हात लावण्याआधी काका रोज त्या काचेसमोर उभे राहत. भक्ताने मूर्तीसमोर उभे राहावे तसे, काही न मागता.

एके सकाळी संग्रहालयाच्या संशोधक बाई आल्या. त्या वस्तीजवळच्या खऱ्या तळ्याच्या गाळात अडकलेले परागकण त्यांनी तपासले होते.

"काका, भिंत बदलावी लागणार. परागकण सगळे कोरड्या रानातल्या झुडपांचे निघाले; म्हणजे ही वस्ती होती त्या काळात पाऊस पिढ्यानपिढ्या कमी होत गेला. तळं आटलं होतं."

काकांनी काचेमागच्या बाईकडे पाहिले. पाणी गेले की काठ गेला; काठ गेला की तिथे बसणारीला कोण ठेवणार?

"मग माणसं गेली असतील वस्ती सोडून?" त्यांनी भीतभीत विचारले.

"पुष्कळ गेली. काही राहिली. त्यांनी आटलेल्या तळ्यात खड्डे खणले. खालून पाणी झिरपायचं, थेंब थेंब. एक घडा भरायचा तर बसून राहावं लागत असणार."

"बसून?"

"मग काय उभ्यानं ताटकळणार? अहो काका, डोळे का पुसताय?"

"रंग गेला डोळ्यात."

"अजून डबाही उघडला नाहीत तुम्ही!"

काकांनी तळे आटवले. निळ्यावर राखाडी चढला, राखाडीवर माती, मातीवर भेगा. लव्हाळे गेले, काटेरी झुडपे आली. ज्या प्रेमाने ते पाणी भरले होते, त्याच प्रेमाने त्यांनी ते उपसले. बाईला मात्र कुंचला लावला नाही. तिच्या पायाशी एक खड्डा काढला, आणि त्याच्या तळाशी ओंजळभर गढूळ पाणी.

मग शिडीवरून उतरून ते काचेसमोर उभे राहिले.

"आळशी नव्हतीस गं," ते हळूच म्हणाले. "पाझराची वाट बघत होतीस. मलाच तेव्हा माहीत नव्हतं."