गळक्या जॉइंटवरची कर्दळ

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. निवृत्त प्लंबर परसात गुडघ्यांवर बसून कर्दळीखालची माती हाताने उपसतोय. वीतभर खाली पाइपचा जॉइंट आहे. तो पाच वर्षं गळतोय, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

गळती आधी बायकोने पाहिली होती. गावभरचे नळ दुरुस्त करणारा नवरा घरच्या जॉइंटला मात्र "उद्या बघतो" म्हणायचा. शेवटी तिने कुठूनसा कर्दळीचा गड्डा आणला आणि नेमका तिथेच पुरला. "तुमचा उद्या उजाडेपर्यंत कुणाची तरी तहान भागू दे," म्हणाली. कर्दळीला ओल मानवते. वर्षभरात झाडं डोक्याच्या वर गेली, तांबड्या फुलांनी भरली. पुढच्या वर्षी बायको गेली. त्यानंतर त्याने जॉइंटचं नावच काढलं नाही.

परसाच्या भिंतीला लागूनच शेजारच्या शिक्षिकेची झोपायची खोली. तिच्या भिंतीला पोपडे आले तेव्हा तिने त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "जमिनीतली ओल आहे. जुन्या घरांना असतेच." प्लंबरच सांगतोय म्हटल्यावर तिने भिंतीला दोनदा नवा रंग दिला. दिवसभरात त्याच्याशी बोलणारी ती एकटीच. बोलणं खिडकीतून, शाळेत निघायच्या आधी, चार-पाच वाक्यांचं.

काल ती म्हणाली, "काका, पोरीचा खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणतात, भिंतीची बुरशी. खालची ओल थांबवायला परवा फरशी उखडून घेतेय."

त्याने मान डोलावली. रात्री पान्यांची पेटी शोधून ठेवली.

आता मुख्य चावी बंद करून त्याने जॉइंट सोडवला, टेप गुंडाळली, आवळला. वीस मिनिटांचं काम. जाड मुळं तोडावी लागली. तीन झाडं आडवी झाली.

खिडकी उघडली. "हे काय, काका? आज कर्दळीवर राग?"

"जॉइंट गळत होता. ओल त्याचीच. फरशी उखडू नकोस."

"बरं झालं सापडला. कधीपासून गळत होता?"

"पाच वर्षं."

तिने खड्ड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी दोनदा रंग दिला, काका. पोर रात्र रात्र खोकत होती."

आतून खोकल्याचा आवाज आला आणि तिने खिडकी ओढून घेतली. कडी लागल्याचं ऐकू आलं.

त्याने माती लोटली, उरलेल्या झाडांभोवती आळं केलं. दुपारपर्यंत वरची माती पांढुरकी झाली होती. एवढ्या झाडांना रोज बारा बादल्या लागतील, असा त्याचा अंदाज. नळाला पाणी सहा ते सात असतं. शिक्षिका पावणेसातला शाळेला निघते; त्याआधी तिची खिडकी उघडायची.

उद्या शाळा आहे.